टपावरचा दुसरा माणूस

माझे मामा लिफ्ट दुरुस्त करायचे. कुणी कामाचं विचारलं की ते म्हणायचे, "लोकांची चढउतार बघतो," आणि स्वतःच हसायचे. हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता की पुढे पुढे मामीच त्यांच्या आधी तो सांगून मोकळी व्हायची. कॉलेजसाठी मी चार वर्षं त्यांच्याकडे राहिले. दोन खोल्या, गच्चीकडे उघडणारं स्वयंपाकघर, आणि दारामागे खिळ्याला टांगलेली मामांची खाकी पिशवी. तिच्यात पाने, स्क्रूड्रायव्हर, चिंध्या आणि वायरिंगच्या नकाशांची भेंडोळी. पिशवी एवढी जड की मामांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरला होता. शिंपी दर वेळी त्यांना नीट उभं राहायला सांगायचा.

हे काम एकट्याने होत नाही. इमारतीच्या माथ्यावर मशीनरूम असते, तिथे मोटारीपाशी एक जण उभा राहतो. दुसरा खाली शाफ्टमध्ये, लिफ्टच्या टपावर उभा असतो, चारी बाजूंना भिंती आणि वर अंधार. टपावरचा ओरडतो, "खाली घे." वरचा तेच शब्द परत म्हणतो, "खाली घेतो," आणि मगच बटणाला हात लावतो. शब्द परत आला नाही तर बटण दाबायचं नाही. मामा म्हणायचे, "नवराबायकोत एकाने ऐकलं नाही तरी संसार चालतो. टपावर चालत नाही." त्यावर मामी आतून म्हणायची की संसार कसा चालतो ते तिला विचारावं.

मामांचे दोन जोडीदार झाले. पहिल्याला आम्ही घरातली मुलं 'दुसरे मामा' म्हणायचो. दोघं एकाच दिवशी कंपनीत लागले आणि अकरा वर्षं आलटून पालटून एकाच टपावर उभे राहिले. एकदा दुसरे मामा टपावर असताना त्यांचा पाय भिंतीतल्या लोखंडी कंसात अडकला आणि लिफ्ट चालू झाली होती. त्यांच्या तोंडून पुरतं "थांब"सुद्धा निघालं नाही, नुसतं "था" निघालं. मामांनी वर तेवढ्यावर स्टॉपचं बटण दाबलं. पाय वाचला, पण गुडघा कायमचा आखडला. त्यानंतर त्यांना ऑफिसात घेतलं आणि काही वर्षांत ते सुपरवायझर झाले. काचेची केबिन मिळाली. पण रविवारी सकाळचा चहा आमच्याकडेच. त्यांचा आखडलेला पाय आमच्या वेताच्या मोड्यावर पसरलेला असायचा आणि तो मोडा त्यांचाच समजला जायचा.

दुसरे जोडीदार म्हणजे काका. वयाने मामांपेक्षा लहान, पण पंचविशीतच केस पांढरे झाले म्हणून सगळं ऑफिस त्यांना काका म्हणायचं. बोलायचे कमी. मामा सांगायचे की काका दिवसभरात टपावर जेवढं बोलतात तेवढंच बोलतात, बाकीचं घरी जाऊन लिहून ठेवत असावेत.

मी तिसऱ्या वर्षाला असताना कंपनीने ठरवलं की मेकॅनिकांना टॅब्लेट द्यायचे. त्याआधी एका माणसाने दीड महिना वापरून पाहायचा आणि रोजच्या कामाला आणि फावल्या वेळाला ही वस्तू कितपत उपयोगी पडते ते मोकळेपणाने सांगायचं. त्यासाठी दुसऱ्या मामांनी मामांचं नाव सुचवलं. चहा पिता पिता त्यांनी कारणही सांगितलं होतं: तू तोंडावर खरं बोलतोस आणि तुझ्या शब्दाला ऑफिसात वजन आहे. मामांना बरं वाटलं. माणसाला कुणी विचारलं की बरं वाटतंच, त्यातून मामांना सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी काही विचारलं होतं.

टॅब्लेट आला तेव्हा मामांनी हात साबणाने धुतले आणि मगच तो खोक्यातून काढला. मी त्यांना चालू करायला, बंद करायला, नकाशा दोन बोटांनी मोठा करायला शिकवलं. ते पटकन शिकले. जॉबकार्डांच्या कोऱ्या मागच्या बाजूवर ते रोज पेन्सिलीने टिपणं करायचे. विचारलंय तर नीट सांगायला हवं, असं त्यांचं म्हणणं. परीक्षेच्या आधी मीसुद्धा एवढं लिहीत नव्हते.

नकाशांवर ते खूश होते. पिशवीतली भेंडोळी निघाली आणि खांद्यावरचं ओझं निम्मं झालं. आधी ऐन कामात कळायचं की हवा तो नकाशा खाली गाडीत राहिलाय, मग काकांना बारा मजले उतरवून पाठवावं लागायचं. आता बोट फिरवलं की नकाशा समोर, आणि अक्षर हवं तेवढं मोठं, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. झिजलेल्या भागाचा फोटो काढून स्टोअरला पाठवला की पहिल्या खेपेलाच बरोबर भाग यायचा.

पण टपावर दोन्ही हात कामात, तेव्हा टॅब्लेट धरायचा कुणी? मामांनी पट्टा लावून गळ्यात घालून पाहिला. वाकले की तो पेंडुलमसारखा पुढे यायचा आणि हनुवटीवर आपटायचा. ग्रीसचं बोट त्याला ओळखता यायचं नाही, हातमोज्यातलं तर नाहीच. गच्चीवरच्या उन्हात काचेत फक्त मामांचंच तोंड दिसायचं. पेन्सिलीने तीन मिनिटांत भरायचं जॉबकार्ड काचेवर टाइप करायला बारा मिनिटं लागायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शाफ्टमध्ये रेंजच नाही. मामांनी पाच इमारतींत पाहिलं, पाचही टिपणांत लिहिलं.

घरी त्याची वेगळीच चैन चालली होती. मामी तो साखरेच्या डब्याला टेकवून विणकामाचे व्हिडिओ बघायची. हातात सुया, आणि मधेच स्क्रीन काळा पडायचा. मग ती कोपराने त्याला जागं करायची. एकदा तर नाकाने केलं. मामा आडवे होऊन वाचायला लागले की डुलकी लागायची आणि टॅब्लेट थेट नाकावर. बुद्धिबळात तो त्यांना रोज हरवायचा. "हा हरवतो, पण चहासुद्धा पाजत नाही," अशी त्यांची तक्रार. माझ्या आईला पत्र लिहायला त्यांनी त्याच्यावर घेतलं, तिसऱ्या ओळीला कंटाळले आणि पेन शोधलं. हेही सगळं टिपणात गेलं. बघायला छान, वाचायला बसून चांगला, लिहायला नको.

दीड महिना झाल्यावर एका रविवारी दुसरे मामा आले, मोड्यावर पाय पसरला आणि म्हणाले की तू सांग, मी लिहून घेतो, तुला ऑफिसची भाषा जमायची नाही. मामा टिपणं वाचत गेले, दुसरे मामा वहीत उतरवत गेले. मी आणि मामी तिथेच होतो. शेवटी त्यांनी विचारलं की एका वाक्यात सांगायचं तर काय लिहू? मामांनी टिपणं बाजूला ठेवली.

"असं लिही. याच्यामुळे पिशवी वाचते, माणूस वाचत नाही. जोडी मोडता कामा नये."

दुसरे मामा मोठ्याने हसले. हे वाक्य जसंच्या तसं टाकतो म्हणाले. मामीने त्यांना दुसरा कप दिला.

पुढची गोष्ट मी पाहिली नाही, ती मला काकांकडून कळली. त्यानंतर तीन-चार दिवसांनी मामा आणि काका एका दवाखान्याच्या मशीनरूममध्ये ब्रेक खोलून बसले होते. दुसऱ्या मामांचा फोन आला. अहवाल टॅब्लेटवर पाठवलाय, मोठे साहेब पाच मिनिटांत मीटिंगला चाललेत, खाली बोटाने सही कर. मामांनी काकांना टॅब्लेट धरायला सांगितलं. तो उघडला तोच शेवटच्या पानावर. एक रिकामी चौकट, खाली मामांचं नाव. मामा फोनवर म्हणाले की थांब, एकदा वाचून घेतो. तिकडून उत्तर आलं, "अरे, तुझंच बोलणं आहे. तुला काय वाचायचं?"

मामांनी बोट पँटला पुसलं आणि सही केली. लाइटच्या बिलाचासुद्धा शब्द न् शब्द वाचणारा हा माणूस. काकांनी टॅब्लेट पिशवीत ठेवला आणि दोघं परत ब्रेककडे वळले.

दोन महिन्यांनी सगळ्या मेकॅनिकांना वरच्या हॉलमध्ये बोलावलं. प्रत्येकाच्या खुर्चीवर नवाकोरा टॅब्लेट, आणि उघडला की पहिल्याच पानावर मामांचा फोटो. खाली अहवाल. नकाशांचं कौतुक होतं, फोटोंचं होतं, घरी कुटुंबालाही आनंद मिळतो हेही होतं. मामीच्या विणकामाला एक पूर्ण ओळ दिली होती. ऊन, ग्रीस, हनुवटी, बारा मिनिटं, रेंज, यांतलं अक्षरही नव्हतं. आणि मामांनी जे सांगितलं होतं, की नकाशा आणायला दुसऱ्या माणसाला खाली पाठवावं लागत नाही, ते वाक्य असं छापलं होतं: 'टॅब्लेटमुळे नेहमीच्या देखभालीत दुसऱ्या माणसाची गरज उरत नाही.' त्याच्याखाली मामांची वेडीवाकडी, बोटाची सही.

मोठ्या साहेबांनी सांगितलं की आपल्या सर्वांत अनुभवी सहकाऱ्याच्या अभिप्रायावरून पुढच्या महिन्यापासून देखभालीला एकेकटे जायचं. मदत लागली तर स्क्रीनवरून ऑफिसशी बोलायचं. नऊ जण जास्तीचे ठरले होते. त्यांची नावं वाचली. काकांचं नाव चौथं होतं.

हॉलमधून बाहेर येताना मामा काकांच्या मागे धावले. जिन्यात गाठलं आणि सांगितलं की मी हे असं म्हणालो नव्हतो. काका थांबले. त्यांनी एवढंच विचारलं, "मग सही करायच्या आधी वाचलं का नाहीस?"

टॅब्लेट तर काकांनीच धरला होता. काका म्हणाले, "तू वाचतोस म्हणून मी तुझ्या मागे डोळे मिटून सही करत आलो, पंधरा वर्षं." आणि ते जिना उतरून गेले.

मामा तिथून सरळ काचेच्या केबिनमध्ये गेले. हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी, गच्चीत कपडे वाळत घालताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. दुसरे मामा खुर्चीतून उठले नाहीत. आधी म्हणाले की तू सांगितलेलंच लिहिलं, जरा सरळ केलं. मामांनी विचारलं की रेंजचं कुठे आहे, हाताचं कुठे आहे, पिशवीचं वाक्य कुठे आहे. तेव्हा त्यांनी पाणी प्यायलं आणि खरं काय ते बोलले. टॅब्लेट आधीच घेऊन झाले होते. माणसं कमी करायची हेही ठरलं होतं. राहिलं होतं ते फक्त कुणाच्या तोंडून सांगायचं एवढंच.

"माझं नाव घातलं असतं तर कुणी ऐकलं नसतं," दुसरे मामा म्हणाले. "तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

"म्हणजे मी खरं बोलतो, याचा तू उपयोग करून घेतलास."

"मी नसतं केलं तर माझ्या जागी दुसऱ्याला बसवून करून घेतलं असतं. या गुडघ्याने मी कुठे जाऊ, सांग?"

मामा म्हणाले, "तो गुडघा का आहे अजून, ते तरी आठवायचंस."

त्या दिवशी ते चालत घरी आले. बससाठी थांबले नाहीत. मामीने ताट वाढलं, तर म्हणाले भूक नाही, आणि हात धुऊन जॉबकार्डांचा गठ्ठा काढला. टिपणांवरून त्यांनी पत्र लिहिलं, पेनने, सहा पानी. सगळं परत, उन्हापासून रेंजपर्यंत, इमारतींच्या पत्त्यांसकट. मी दोन प्रती काढून आणल्या. एक मोठ्या साहेबांना दिली, एक नोटीसबोर्डावर लावली. बोर्डावरची दुपारपर्यंत गेली. मामांनी नवी प्रत लावली, तीही गेली. असं आठवडाभर चाललं. मग उत्तर आलं, दोन ओळींचं: अहवालावर आपली सही आहे, सबब फेरविचाराचा प्रश्न येत नाही.

ऑफिसातल्या लोकांचं काय सांगावं! काहींना पत्र पटलं. काहींना पटूनही उपयोग नव्हता, ज्यांचे जोडीदार गेले त्यांना राग कुणावर तरी काढायचाच होता. चहाच्या टेबलावर मामा बसायला गेले तर एक जण म्हणाला, "तुला जोडीदार लागत नाही ना? मग टेबल तरी कशाला?" मामा कप घेऊन खिडकीपाशी उभे राहिले. नंतर ते घरूनच थर्मास न्यायला लागले.

एकट्याने टपावर जायला त्यांनी लेखी नकार दिला. कंपनीने त्यांना काढलं नाही, स्टोअरच्या खिडकीवर बसवलं. दिवसभर नटबोल्ट आणि रबराच्या चकत्या मोजून द्यायच्या. घरी ते कामाबद्दल बोलेनासे झाले. चढउतारीचा विनोद बंद झाला. मामीने एकदा आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना तो सांगितला, तर मामा उठून आत गेले. टॅब्लेट त्यांनी स्टोअरच्या पहिल्याच दिवशी परत केला होता. मामीने विणकामाचं काही मागितलं नाही, पण तिची अर्धवट विणलेली शाल तशीच राहिली, कारण पुढचा टाका त्या व्हिडिओत होता.

कॉलेज संपून मी नोकरीला लागले, तरी शनिवार-रविवार त्यांच्याकडे जायचे. सगळं मिळून दीड वर्ष गेलं असेल. तोवर निम्म्या टॅब्लेटांच्या काचा तडकल्या होत्या, उरलेले टॅब्लेट लोक फक्त हजेरी लावायला वापरत होते. मग एका मेकॅनिकचा हात टपावर दाराच्या यंत्रात अडकला. एकटाच होता. टॅब्लेट गळ्यात होता, पण रेंज नव्हती. चाळीस मिनिटांनी सातव्या मजल्यावरच्या एका बाईंना भिंतीतून हाक ऐकू आली. दोन बोटं गेली.

पुढच्याच आठवड्यात सूचना निघाली की टपावरच्या कामाला दोन माणसं सक्तीची. सूचनेत सुरक्षेवर एक लांबलचक परिच्छेद होता. मामांच्या पत्राचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या मामांनी ती सूचना सगळ्यांना वाचून दाखवली म्हणे, अगदी स्वच्छ आवाजात. त्या दिवशी मामा स्टोअरमधून घरी आले आणि बराच वेळ पायातले बूट न काढता बसून राहिले. मी म्हटलं, तुमचं म्हणणं खरं ठरलं. ते म्हणाले, "दोन बोटं गेली तेव्हा ठरलं. मला नाही त्यात आनंद."

नऊ जणांपैकी तिघांना परत बोलावलं. काका त्यांत नव्हते. त्यांनी तोवर एका इस्पितळात लिफ्ट चालवायची नोकरी धरली होती, स्टुलावर बसून मजल्यांची बटणं दाबायची. मामा त्यांना भेटायला गेले, मी सोबत होते. तळमजल्यावर दार उघडलं आणि काका दिसले. केस आणखी पांढरे झाले नव्हते, व्हायला जागाच नव्हती. मामांनी सूचनेचं सांगितलं. काका म्हणाले, "बरं झालं." मग त्यांनी माझी चौकशी केली, मामीच्या पाठदुखीची केली, आणि मामांना म्हणाले की इथल्या लिफ्टचा ब्रेक हल्ली कुरकुरतो, कंपनीचे लोक येतात पण ऐकत नाहीत. मामांनी कान दिला. लिफ्ट एकदा वर गेली, एकदा खाली आली. मामांनी काय करायचं ते सांगितलं. काकांनी मान हलवली. तेवढ्यात स्ट्रेचर आलं, दार बंद झालं. आम्ही थोडा वेळ थांबलो, पण परत दार उघडलं तेव्हा आत गर्दी होती.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "तो मला माफ करेल कधीतरी. त्याने करू नये असं मला वाटतं, पण करेल."

दुसरे मामा आमच्याकडे यायचे बंद झाले होते. मामीने मोडा गच्चीत नेऊन त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवली होती. मामा निवृत्त झाले त्या वर्षी एका रविवारी सकाळी बेल वाजली. मी दार उघडलं. दुसरे मामा उभे होते, कठड्याला धरून, दम लागलेला. बरेच वाळले होते. हातात काही नव्हतं. त्यांनी मला माझ्या घरातल्या नावाने हाक मारली आणि विचारलं, "मामा आहेत का?"

मामा आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. मधे फक्त पडदा. मी वळून बोलायच्या आत त्यांचा आवाज आला, नेहमीच्याच पट्टीत.

"सांग त्यांना, मामा घरी नाहीत."

माझ्या आठवणीत मामा एवढं एकदाच खोटं बोलले, आणि तेही समोरच्याला ऐकू जाईल असं. दुसऱ्या मामांनी पडद्याकडे पाहिलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात आली होती, हातात रिकामा कप होता, तिने तो तसाच धरून ठेवला. मी म्हटलं की मामा घरी नाहीत.

"बरं," ते म्हणाले. "आले की सांग, येऊन गेलो."

जिन्यात त्यांचा आखडलेला पाय एकेका पायरीवर टेकल्याचा आवाज खालपर्यंत येत राहिला. मामा वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबले होते. आवाज बंद झाल्यावर त्यांनी मला विचारलं की मामीने चहा टाकलाय का. मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, आण मग, आणि पान उलटलं.